लहान मंडळीसाठी नव्या कल्पना हव्या असतील, तर आधी शिफ्टचा तक्ता मांडा

सप्रेम सलाम.

आपण लिहिले आहे की भोसरीजवळ आपली चाळीसेक जणांची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे, रविवारी सकाळी दोन तासांसाठी एक हॉल भाड्याने घेतला जातो, सगळी कामे त्याच पाच-सहा जणांवर येऊन पडतात आणि तरुण मुले-मुली हळूहळू शहरातील मोठ्या इंग्रजी मंडळ्यांकडे वळू लागली आहेत. म्हणून लहान मंडळीला झेपतील अशा सेवाकार्याच्या काही ताज्या कल्पना आपल्याला हव्या आहेत. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातील मराठी मंडळ्यांत पाळक (पास्टर) म्हणून सेवा केली आणि निवृत्तीनंतर अशाच लहान मंडळ्यांच्या पंचांबरोबर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या सभासदांबरोबर, बसून त्यांच्या कामाची आखणी करण्यास मदत करतो. त्या अनुभवाच्या आधारे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते: ‘निम्मे पुरुष कामावर असल्यामुळे रविवारी येऊ शकत नाहीत.’ आपली खरी अडचण कल्पनांच्या टंचाईची नाही. कल्पना हव्या तितक्या मिळतात. मोठ्या मंडळ्यांचे कार्यक्रम मोबाइलवर पाहिले की दहा सुचतात. अडचण अशी आहे की उपासना आणि सेवेची सारी रचना रविवारची सकाळ मोकळी असणाऱ्यांसाठी केलेली आहे आणि आपल्या मंडळीत तशी माणसे थोडी आहेत. त्यामुळे कोणतीही नवी कल्पना आली की ती त्याच पाच-सहा जणांच्या खांद्यावर चढते, ते दमतात, आणि तीन महिन्यांनी ‘लोकांमध्ये आवेश राहिला नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्येक नव्या कल्पनेला मी एकच प्रश्न विचारतो: हिच्यामुळे आज ज्याच्या हाती काही काम नाही अशा कुणाला काम मिळणार आहे का? उत्तर नाही असे आले, तर कल्पना कितीही आकर्षक असली तरी ती बाजूला ठेवावी.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील हे आधीच सांगतो. आपली मंडळी उत्तर भारतीय मंडळीच्या, म्हणजे सीएनआयच्या, धर्मप्रांतात असेल, मेथडिस्ट असेल किंवा स्वतंत्र असेल, त्यानुसार प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) कोणी द्यावे, घरात ते देता येईल का आणि नव्या उपक्रमाला कोणाची संमती लागेल याचे नियम बदलतात. हॉलमालकाशी झालेल्या करारात आठवड्यातील इतर दिवसांचा उल्लेख आहे की नाही, शेजारची सोसायटी आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहते आणि मंडळीत दहा वर्षांखालील मुले तीन आहेत की तेरा, यांवरही बरेच ठरेल. पुढील सूचना त्या हिशेबाने कमी-अधिक करून घ्याव्यात.

पहिले काम अगदी कोरडे आहे. एका मोठ्या कागदावर मंडळीतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव, काम आणि शिफ्ट लिहून काढा: फर्स्ट, सेकंड, थर्ड की जनरल, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, नाइट ड्यूटी महिन्यातून किती वेळा. नर्स, सिक्युरिटी गार्ड, रिक्षाचालक, शाळेतील बाई, घरकाम करणाऱ्या बहिणी, सगळ्यांची नोंद त्यात हवी. बहुतेक मंडळ्यांकडे हजेरीचे वही-रजिस्टर असते, पण हा तक्ता नसतो. आपल्या भागात तो मांडला की एक गोष्ट बहुधा चटकन दिसेल. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत राज्यात पडली आणि भोसरी-पिंपरी पट्ट्यातील अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी येते. म्हणजे आपले जे बांधव रविवारी ‘येत नाहीत’ म्हणून आपण खंत करतो, त्यांतील कित्येक जण गुरुवारी संध्याकाळी घरीच असतात.

म्हणून माझी पहिली ठोस सूचना गुरुवारच्या उपासनेची आहे. ती हॉलमध्ये घेऊ नका. एखाद्या घरी, शक्यतो जिथे जिने कमी आहेत आणि शेजारी समजूतदार आहेत अशा घरी घ्या. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्किल्ला व अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल सलाम पाठवतो, तेव्हा घरातील मंडळी ही तडजोड नसून आपला जुना वारसाच आहे. वेळ साडेसातची ठेवा आणि नऊच्या आत सर्व संपवा, कारण फर्स्ट शिफ्टच्या माणसाला पहाटे उठून कंपनीची बस गाठायची असते. दोन गीते, शास्त्रवाचन, दहा मिनिटांचे मनन, नाव घेऊन एकमेकांसाठी प्रार्थना आणि शेवटी साधे जेवण, एवढे पुरे. जेवण यजमानीणबाईंवर टाकू नका. खिचडी एका घरून, ताक दुसऱ्या घरून, अशी वाटणी करा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात यजमान घर मिळेनासे होईल. मुख्य म्हणजे या उपासनेचे पुढारीपण रविवारच्या पाच-सहा जणांपैकी कोणाकडेही देऊ नका. ज्याची सुट्टी गुरुवारी आहे त्यानेच ती चालवावी, मग तो अडखळत बोलला तरी चालेल. एका मंडळीत प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या एका बांधवाने असा गट हाती घेतला. रविवारी त्याने कधी जाहीर प्रार्थनाही केली नव्हती, परंतु गुरुवारी कोण आले नाही आणि का आले नाही, हे पाळकाच्याही आधी त्याला ठाऊक असे.

आता तरुणांकडे वळतो, कारण आपली खरी काळजी तिथे आहे. मोठ्या इंग्रजी मंडळ्यांत ड्रम, गिटार, दिवे आणि मोठा पडदा असतो म्हणून मुले जातात, असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. त्यांच्याशी निवांत बोलल्यावर दोन कारणे पुन्हा पुन्हा ऐकू येतात: तिथे संदेश कळतो, आणि इथे आम्हाला खुर्च्या मांडण्याशिवाय काही करू देत नाहीत. पहिले कारण भाषेचे आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला जुन्या भाषांतरातील लांबलचक वाक्ये आणि आपल्या संदेशातील ठरावीक शब्द खरोखरच कळत नाहीत. यावर उपासना अर्धी इंग्रजीत करणे हा उपाय मला पटत नाही, कारण मग आजीलाही कळत नाही आणि नातवालाही पुरेसे रुचत नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला एका मुलाला आणि एका वडीलधाऱ्या व्यक्तीला मिळून रविवारचे शास्त्रवाचन द्या. दोघांनी आठवड्यात एकदा भेटून, नाही जमल्यास फोनवरून, तो उतारा मोठ्याने वाचायचा, अडलेले शब्द सोडवायचे आणि रविवारी दोघांनी मिळून वाचायचा. यासाठी पैसा लागत नाही, हॉल लागत नाही, आणि चाळीस जणांत हे सहज घडते. चारशे जणांत घडवायचे तर त्यासाठी एक समिती नेमावी लागेल.

संदेशाच्या लांबीबद्दलही पाळकांनी थोडे मनावर घ्यावे. त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा झोप लागून खिडकीतून खाली पडलेला युतुख तरुणच होता, याची आठवण मी पाळकबंधूंना अधूनमधून करून देतो. तो मेला, पण त्याला पुन्हा उठवायला तिथे पौल होता.

दुसरे कारण कामाचे. तरुणांना जबाबदारी द्यायची म्हणजे तरुण संघ स्थापून त्याचा अध्यक्ष निवडायचा, ही आपली जुनी सवय. सहा मुलांच्या संघाला अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार मिळाले की उरलेल्या तिघांना सभासद होण्यात काही रस राहत नाही. त्याऐवजी मंडळीचे एक अख्खे काम त्यांच्या हाती द्या आणि त्यात हात घालू नका. मी संगीत सुचवीन, पण बँडच्या नकलेसाठी नव्हे. आपल्याकडे बँड नाही याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण मराठी ख्रिस्ती मंडळीची गायनपरंपरा मुळातच थोड्या वाद्यांची आहे. 19व्या शतकात अहमदनगरच्या मंडळ्यांनी कीर्तन आपलेसे केले. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक अभंग आणि भजनाच्या वाटेने गेले, आणि ‘उपासना संगीत’ हे आपले गीतांचे पुस्तक उघडले की त्यांची गीते पानोपानी भेटतात. पेटी, तबला किंवा ढोलकी आणि टाळ एवढ्यावर हे सारे उभे राहते. आपल्या मुलांपैकी एखाद्याला काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) वाजवता येत असेल, तर तबल्याच्या जागी काहोन चालेल. महिन्यातील एका रविवारी संदेशाच्या जागी वीस मिनिटांचे कीर्तन ठेवून पाहा: पूर्वरंगात एका वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. आख्यानासाठी बायबलमधील रूथ आणि तिची सासू नामी यांची गोष्ट घ्या. दुष्काळामुळे गाव सोडणे, परमुलखात माणसे गमावणे आणि रिकाम्या हाताने परतणे हे आपल्या मंडळीला समजावून सांगावे लागणार नाही. 1972च्या दुष्काळानंतर नगर, जालना, बीडकडून कामधंद्यासाठी पुण्याकडे आलेल्या घरांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. मुलांनी आधी आपल्याच आजी-आजोबांना विचारून तो निघण्याचा दिवस लिहून घेतला आणि आख्यानात त्यातील एखादा प्रसंग, घरच्यांच्या परवानगीने, गुंफला, तर तो रविवार कुणी चुकवणार नाही. आरंभी आवाज चिरके लागतील, ताल सुटेल. लहान मंडळीत ते खपते, आणि शिकण्याची जागा म्हणून तिचा हाच मोठा उपयोग आहे.

सणांच्या बाबतीत नवे सण काढण्याची गरज नाही. आहेत त्यांनाच थोडे हलवून पाहावे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात, परंतु पुष्कळदा ते सातही पाळक, निवृत्त पाळक किंवा पाहुणे असतात. आपण सातही उद्गार मंडळीतल्याच लोकांना, प्रत्येकी पाच मिनिटे, द्या. ‘मला तहान लागली आहे’ यावर रुग्णालयात रात्रभर जागणारी नर्स काय बोलते आणि ‘हा पाहा तुझा पुत्र’ यावर मुलगा परदेशी असलेली विधवा आई काय बोलते, हे एकदा ऐकावे. अट इतकीच की प्रत्येकाने मजकूर आधी लिहून आणावा आणि पाळकाने प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसावे. पाळकाचे काम कमी होत नाही, फक्त बदलते.

कापणीच्या सणाचे मला विशेष वाटते. गावाकडे शेतातील ज्वारी-बाजरीची पहिली कणसे, कोंबडी, अंडी, भोपळे वेदीजवळ यायचे आणि नंतर त्यांचा लिलाव व्हायचा. शहरात आपण आदल्या दिवशी मंडईतून फळे विकत आणतो, ती टोपलीत मांडतो आणि दुप्पट भावाने पुन्हा आपणच विकत घेतो. यात दान होते, पण स्वतःच्या हाताच्या श्रमाचे फळ आणल्याचा आनंद त्यात राहत नाही. आपल्या मंडळीत शेती कुणाची नाही, कसब मात्र भरपूर आहे. तेव्हा प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपले कसब लिहून अर्पण करावे: नळाची गळती काढून देणे, ब्लाउज शिवून देणे, दहावीच्या मुलाला चार रविवार गणित शिकवणे, रिक्षाने रुग्णालयात नेऊन आणणे, पुरणपोळ्यांचा एक घाणा. त्या चिठ्ठ्यांचा लिलाव करावा. पैसा मंडळीच्या निधीत येतोच, शिवाय वर्षभर लोकांची एकमेकांच्या घरी ये-जा सुरू होते, आणि ज्यांच्याकडे दानाला रोख रक्कम नसते तेही ताठ मानेने वेदीपुढे येतात. लिलाव पुकारायला मात्र विनोदी माणूस निवडा. गंभीर माणसाच्या हाती लिलाव पडतो.

नाताळबद्दल थोडक्यात सांगतो. मोठा मंच आणि भाड्याची ध्वनियंत्रणा टाळा आणि तो खर्च वाचवून घरोघरी गीते गात फिरा. सोसायट्यांत जाताना सेक्रेटरींची आधी परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या खूप आधी आटोपा.

आता मंडळीबाहेरची सेवा. इथे बहुतेकांना शिलाई वर्ग आणि इंग्रजी संभाषण वर्ग सुचतात. मशीन घेतली जातात, उद्घाटन होते आणि वर्षभरात ती एखाद्या पंचाच्या घरी कापड पांघरून बसलेली असतात. हे वर्ग वाईट नाहीत, पण त्यांना रोज येणारा शिक्षक आणि स्वतःची जागा लागते, आणि आपल्याकडे दोन्ही नाही. आपल्याकडे काय आहे याचे उत्तर पुन्हा त्या तक्त्यातच मिळेल. समजा, तीन-चार नर्स आणि वॉर्डात काम करणारे काही जण आहेत. पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे आपल्या बोलण्यातील वायसीएममध्ये, किंवा पुण्यात ससूनमध्ये बाहेरगावाहून रुग्ण येतात. रुग्णाची सोय होते. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला कुठे झोपावे, कागद कोणत्या खिडकीवर द्यावा आणि जेवण कुठे मिळेल, हे कळत नाही. आठवड्यातून एक ठरलेला वार धरून अशा दहा नातेवाइकांसाठी डबे न्यावेत आणि त्यांच्याजवळ थोडे बसावे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला आधी भेटा, वॉर्डात शिरू नका, औषधोपचाराचा सल्ला देऊ नका आणि दहाचे वीस करण्याची घाई करू नका.

दुसरी संधी तर आपल्या दारावरूनच जाते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिघी, विश्रांतवाडी करत पुण्यात येते आणि देहूची तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डी, पिंपरी, दापोडीच्या बाजूने येते. त्या दिवशी वारकऱ्यांना पिण्याचे पाणी, मोबाइल चार्जिंग आणि पायांच्या फोडांना साधी मलमपट्टी, एवढे आपल्या नर्स भगिनी आणि तरुण मुले सहज करू शकतात. महानगरपालिका आणि पोलीस चौकीला आधी कळवावे. एक नियम मात्र मी कडकपणे सांगतो: पत्रक नाही, पुस्तिका नाही, उपासनेचे आमंत्रण नाही, फोन नंबर मागणे नाही. कोणी विचारले की तुम्ही कोण, तर सरळ नाव सांगावे आणि पुन्हा पाणी द्यावे. सेवेच्या आडून काही साधायचे आहे अशी शंका आली की सेवा तर बाटतेच, शेजाऱ्यांशी असलेले नातेही बिघडते, आणि हल्लीच्या दिवसांत ते सुधारायला फार काळ लागतो. ही बाब काही बांधवांना पटत नाही, हे मला माहीत आहे. येशूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी परक्या माणसाला उतारशाळेत पोहोचवले, पण त्याच्याकडून काही कबूल करून घेतल्याचे लूकच्या शुभवर्तमानात कुठे आलेले नाही, एवढेच मी त्यांना सांगतो.

लहान मुलांसोबतच्या कोणत्याही उपक्रमात दोन प्रौढ व्यक्ती कायम हजर असाव्यात आणि पालकांना वेळ व ठिकाण माहीत असावे. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून लहान मंडळीत याकडेच दुर्लक्ष होते. पैशाचेही तसेच. लिलावाची रक्कम दोघांनी मिळून मोजावी, त्याच दिवशी वहीत लिहावी आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवावी. आपली मंडळी विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल, तर धर्मादाय कार्यालयाकडे दरवर्षीचे हिशेब वेळेवर जाणे हासुद्धा साक्षीचाच भाग आहे.

हे सारे एकदम सुरू करू नये. आधी तक्ता, त्यानंतर गुरुवारची उपासना, आणि ती तीन महिने न चुकता चालली की मुलांना कीर्तन. बाहेरच्या सेवेतील रुग्णालय किंवा वारी यांपैकी एकच गोष्ट पहिल्या वर्षी घ्यावी. नवे काही सुरू करताना जुने एक काम बंद करण्याचा ठरावही त्याच बैठकीत करा. कोणते बंद करावे यावर वाद होईल, बहुधा महिला मंडळाच्या आणि पंचांच्या बैठका एकाच आठवड्यात येण्यावरून. तो वाद होऊ द्यावा, कारण दमलेल्या माणसांना आपण दमलो आहोत हे सांगण्याची तीच एक संधी असते.

जी मुले इंग्रजी मंडळीत जाऊ लागली आहेत त्यांना परत आणण्याची मोहीम काढू नका आणि त्यांच्या आई-वडिलांना रविवारी सर्वांसमोर काही विचारू नका. रविवारी ती तिकडे जात असतील तर जाऊ द्यावे. गुरुवारी ज्या घरी उपासना आहे तिथे ढोलकी धरायला माणूस कमी पडतो आहे, असा निरोप मात्र त्यांच्याच वयाच्या मुलाकडून पाठवावा, आणि तो निरोप खरा असावा.